मास्तरांनी न विचारता बेतलेला युनिफॉर्म

हॉस्पिटलच्या पुढच्या दाराशी फुलवाले, फळवाले आणि औषधांची दुकानं. मागच्या दाराशी एक इस्त्रीवाला आणि एक शिंपी. पुढच्या दारातून जाणारी माणसं घाबरलेली असतात, मागच्या दारातून जाणारी उशीर झालेली. शिंप्याला ही दुसरी गिऱ्हाइकं बरी वाटायची. घाबरलेल्या माणसाला काही सुचत नाही; उशीर झालेल्याला निदान आपलं बटण कुठं तुटलंय एवढं तरी माहीत असतं.

या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. तीस वर्षं ते त्या नऊ फुटी दुकानात नर्सचे युनिफॉर्म शिवत होते. दुसरं काही शिवता येत नव्हतं असं नाही. पण कोणी कोटाचं कापड घेऊन आलं की ते त्या कापडाकडे असे बघत, की माणूस आपणहून म्हणे, ‘राहू द्या, दुसरीकडे टाकतो.’ 

कुठला कपडा कुठं झिजतो यावरून माणूस ओळखायची त्यांना खोड होती. खुर्चीत बसणाऱ्या नर्सची पॅन्ट मागून विरते, पेशंटच्या कॉटशी टेकणारीची गुडघ्याला. खिशाचा कोपरा फाटला, तर बाईला कात्री तशीच उघडी खिशात टाकायची सवय. डाव्या बाहीच्या टोकाला शाई, तर ही घाईत तळहातावर लिहिते. एकदा नवीन आलेल्या मेट्रनबाईंनी सहज विचारलं, “मास्तर, माझ्याकडच्या कोणकोणत्या मुली कामाच्या?” मास्तर म्हणाले, “मी कापडाचं सांगतो बाई, माणसांचं नाही.” आणि तोंडात टाचण्या धरल्या, म्हणजे पुढचं बोलणंच नको.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे त्यांचा टेप. ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली ते शिकले, त्याने पहिल्याच दिवशी दम भरला होता, की सांगितल्याशिवाय कोणाच्या अंगाला टेप लावायचा नाही. तेव्हापासून मास्तर प्रत्येक मापाला बोलत. “खांद्याला लावतोय हं. आता हात वर. कमरेला, हं.” गिऱ्हाईक पहिल्यांदा आलेलं असो की पन्नासाव्यांदा, आवाज तोच, क्रम तोच. वॉर्डातल्या नर्स एकमेकींना चिडवायच्या झाल्या की मास्तरांची नक्कल करत. मास्तरांच्या कानावर ते आलं होतं. त्यांना त्यात चिडण्यासारखं काही दिसलं नाही.

मास्तरांना एकुलती एक मुलगी. रांगायला लागल्यापासून एका जागी ठरेना, म्हणून तिला मशीनमधल्या गरगरत्या रिळावरून बॉबिन नाव पडलं ते कायमचं. शाळेतून आली की शिवून झालेले कपडे वॉर्डात पोहोचवायचं काम तिचं. जाऊन यायला दहा मिनिटं लागायला हवीत, ही पाऊण तासाने यायची. आई विचारायची, “कुठं होतीस?” तर म्हणायची, “बघत होते.” काय बघत होती ते तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि पुढे ते महागात पडलं.

बारावीला बॉबिनने सायन्समध्ये चांगले मार्क मिळवले आणि घरात सांगितलं की मला नर्स व्हायचंय. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दिवशी जो कोणी दुकानात आला त्याला ही बातमी ऐकूनच परत जावं लागलं. एकजण नुसती पॅन्टची चेन दुरुस्त करायला आला होता. त्यालाही मार्कांसकट सगळं सांगून झालं, फक्त चेन बसवायची राहिली.

नर्स व्हायचं ठरणं सोपं होतं. कुठल्या वाटेनं, हा खरा घोळ. वाटा तीन. पहिली, समोरच्याच हॉस्पिटलच्या शाळेतला दोन वर्षांचा सहायक नर्सचा कोर्स. फिकट निळा युनिफॉर्म, आणि तो शिवणार कोण, तर मास्तरच. दुसरी वाट तीन वर्षांच्या डिप्लोमाची. त्याचं कॉलेज शेजारच्या गावात. आणि तिसरी, चार वर्षांची डिग्री. ते कॉलेज बसने आठ तासांवर, राहणं हॉस्टेलमध्ये. तिन्हीकडचे अर्ज भरायची शेवटची तारीख एकच, वीस.

मास्तरांनी चौकशी सुरू केली ती आपल्या पद्धतीने. नर्स मापाला उभी राहिली, हात वर झाले, बाहीला टाचण्या लागल्या, की हळूच विचारायचं, “तुम्ही कुठला कोर्स केलात? आज पुन्हा निवडायचा झाला तर?” काखेजवळ टाचण्या असलेल्या माणसाला फार सजवून बोलता येत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

दोन वर्षांचा कोर्स केलेली म्हणाली, “मास्तर, मी आज वस्तीत घरोघर जाते. बाळांना लस देते. तिथली एकेक सून मला हाक मारून थांबवते. मला कधी वाटलं नाही की आपण कमी शिकलो.”

डिप्लोमावाली म्हणाली, “वॉर्ड शिकायचा तर तीन वर्षांचाच. चार वर्षं पुस्तकं वाचली म्हणून इंजेक्शन कमी दुखतं का?”

डिग्रीवालीला मास्तरांनी हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, “त्यांना म्हणावं, इंजेक्शन द्यायचंच कशाला, हे कोणीतरी विचारायला नको का?” दोन दिवसांत मागच्या दाराशी चांगलीच जुंपली, आणि मास्तर इकडचे निरोप तिकडे पोहोचवू लागले. शेवटी सव्वीस वर्षं त्यांच्याकडे येणाऱ्या इन्चार्ज सिस्टर तेवढ्या म्हणाल्या, “तिन्ही चांगले. कोणाला काय करायचंय त्यावर आहे.” हे मास्तरांना उत्तरच वाटलं नाही.

बॉबिनची आई दुकानाच्या उंबऱ्याशी बसून बटणांची काजं करायची. तिने मान वर न करता म्हटलं, “अहो, पोरीला विचारा.”

“विचारतोय की सगळ्यांना.”

“सगळ्यांना विचारताय. पोरीला विचारा.”

खरं सांगायचं तर मास्तरांचं आधीच ठरलं होतं. माणूस चौकशी करतो तेव्हा निम्म्या वेळा त्याला उत्तर नको असतं, साक्षीदार हवे असतात. दोन वर्षांचा कोर्स समोर होता. दुकानातून मान वळवली की शाळेची खिडकी दिसायची. संध्याकाळी बॉबिन मापांची वही लिहायला दुकानात बसायची, दिवसभराच्या गंमती सांगायची, आणि ती खुर्ची चार वर्षं रिकामी राहणार हे मास्तरांना सोसवत नव्हतं. हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. स्वतःशी ते एवढंच म्हणत, की हॉस्टेलचं जेवण कसं असेल कोण जाणे.

दहा तारखेला निळ्या कापडाचा नवा तागा आला. कापड इतकं नेटकं की मास्तरांचे हात शिवशिवले. बॉबिनचं माप घ्यायची गरज नव्हती, ते डोळ्यांत होतं. त्यांनी कापड टेबलावर पसरलं, खडूने रेघा मारल्या आणि कात्री चालवली. तीस वर्षांत त्यांनी न सांगता एक टेप लावला नव्हता, आणि आज न विचारता अख्खा युनिफॉर्म बेतला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. उलट शीळ घालत होते.

चार दिवस त्यांनी त्यात सगळी विद्या ओतली. गुडघ्याला आतून दुहेरी कापड, कारण आपली पोरगी खुर्चीत बसणारी नाही, पेशंटजवळ टेकणारी आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. खिशात कात्रीला वेगळा कप्पा, पेनाला वेगळा. शिवण इतकी बारीक की आतली बाजू बाहेर घातली तरी चालली असती. काजांसाठी त्यांनी तो बायकोकडे टाकला.

“कोणाचा हा?”

“आहे एकीचा.”

तिने बाहीची लांबी बघितली आणि युनिफॉर्म घडी घालून परत टेबलावर ठेवला. “याची काजं मी करणार नाही. आधी पोरीचं ठरू दे.” लग्नाला बावीस वर्षं झाली होती. काजं करायला बाईंनी पहिल्यांदाच नकार दिला होता.

मास्तरांनी तो तसाच, बिनबटणांचा, हँगरला लावला. संध्याकाळी बॉबिन आली ती कसलंसं छापील माहितीपत्रक हातात नाचवत. “बाबा, ऐका ना, मला तुम्हाला एक...” एवढं बोलून ती थांबली. हँगरकडे बघत राहिली. मग पुढे होऊन खिसा उघडून बघितला, कात्रीचा कप्पा बघितला, गुडघ्याच्या आत हात घालून दुहेरी कापड चाचपलं. शिंप्याची पोर, तिला न सांगता सगळं कळलं.

“छान झालाय, बाबा.”

“आवडला?”

“हो.” माहितीपत्रक तिने घडी घालून दप्तरात ठेवलं. काय सांगायला आली होती ते मास्तरांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोन वर्षांच्या कोर्सचा अर्ज भरला आणि शाळेत नेऊन दिला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्या आठवड्यात मापांच्या वहीतलं तिचं अक्षर मात्र फार टापटीप झालं होतं, आणि तिला सांगण्यासारख्या गंमती एकाएकी संपल्या होत्या.

वीस तारखेला दुपारी दोन वाजता मास्तरांनी तिला ट्रायलला उभं केलं. बटणं नव्हती म्हणून पुढून टाचण्या लावल्या. युनिफॉर्म कुठेही खेचत नव्हता, कुठेही झोळ नव्हता. चूक काढायला जागा नाही अशी बसणी. तरी मास्तरांना काहीतरी खुपत होतं. ते दोन पावलं मागे सरून बघू लागले.

तीस वर्षं आरशापुढे माणसं उभी करणाऱ्याला एवढं कळतं. कपडा बसला नाही तर माणूस आरशात बघून नाक मुरडतो. कपडा बसला तर कळत नकळत खांदे मागे घेतो, वळून पाठ बघतो. बॉबिन यातलं काहीच करत नव्हती. ती सरळ उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. एखादीचा कपडा शिवायचा असतो आणि ती स्वतः हजर नसते, म्हणून तिच्याच अंगलटीची बहीण मापाला उभी राहते ना, तशी. 

मास्तरांना वाटलं, डावा खांदा जरा उतरलाय. टेप हातात घेऊन ते पुढे झाले. “खांद्याला लावतोय हं,” सवयीने म्हणाले, आणि टेप हातातच राहिला.

खांद्याला हात लावायच्या आधी आपण सांगतो. परक्या बाईलासुद्धा सांगतो. आणि हिची पुढची सगळी वर्षं कापून शिवून तयार केली, तेव्हा एका शब्दानं विचारलं नाही. मास्तरांना लाज वाटली, सरळ लाज.

“बॉबिन, त्या दिवशी दप्तरात काय ठेवलंस?”

“काही नाही, बाबा.”

“मी चुकलो. आता विचारतोय. तुला कुठं जायचंय?”

तिने पहिल्यांदा आरशात बघितलं, तेही त्यांच्याकडे. “इतकं शिवलंत तुम्ही.”

“शिवलेलं उसवता येतं. मी शिंपी आहे, मला माहितीये.”

मग ती बोलायला लागली, आणि पाऊण पाऊण तास वॉर्डात काय बघत होती ते पाच वर्षांनी घरात कळलं. वॉर्डात एक बाई शिकाऊ मुलींना शिकवायच्या. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, एवढी साधी गोष्ट, पण त्या इतकी समजावून सांगायच्या की दारात कपड्यांचं गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या बॉबिनलाही ती समजायची. “त्या एका पेशंटला वळवत होत्या, पण बाबा, समोर वीस मुली होत्या. त्या वीसजणी पुढं किती जणांना वळवतील. मला आधी वॉर्डात काम करायचंय, मग तसं शिकवायचंय. त्याला डिग्री लागते. चार वर्षांची.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“बोलायलाच आले होते.”

उंबऱ्याशी बसलेली आई म्हणाली, “अडीच वाजलेत. अर्ज पाचपर्यंत घेतात, मी विचारून ठेवलंय. दाखले पिशवीत आहेत.” पिशवी तिच्या शेजारीच होती. किती दिवसांपासून होती कोण जाणे.

दुकान भर दुपारी बंद झालं. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गर्दी होती. नंबर आला तेव्हा तिथल्या माणसाने की-बोर्डवर हात ठेवून मास्तरांना विचारलं, “कुठला कोर्स टाकू, काका?”

“तिला विचारा,” मास्तर म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी ब्लेड घेतलं आणि निळा युनिफॉर्म उसवायला बसले. स्वतःच घातलेली शिवण, एक टाका सुटेना. बॉबिनच्या आईने समोर बसून दुसरं टोक धरलं. त्या दोघांनी तो वेगळा केला, पण कापड वाया गेलं नाही. शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या सुनेने दोन वर्षांच्या कोर्सचाच अर्ज भरला होता, आणि तिला नेमकं तेच हवं होतं. तान्हं मूल घरी होतं, कामावर लवकर लागायचं होतं, आणि वस्तीतली माणसं तिच्या ओळखीची होती. मास्तरांनी तिला आधी विचारलं, “कापलेल्या कापडाचा आहे, तुझ्या मापाला लहान करावा लागेल. चालेल का तुला?” ती म्हणाली, “चालेल की. पण तो कात्रीचा कप्पा काढू नका.” काजं बॉबिनच्या आईने त्याच दिवशी करून दिली.

बॉबिनचं नाव पहिल्या यादीत आलं नाही. दुसरी यादी येईपर्यंतचे नऊ दिवस मास्तरांनी कोणाशी धड बोलणं ठेवलं नाही आणि दोन कॉलर उलट्या लावल्या. दुसऱ्या यादीत नाव लागलं. बातमी सांगायला ते स्वतः मागच्या दाराने वॉर्डात गेले, तीस वर्षांत पहिल्यांदा. इन्चार्ज सिस्टरनी त्यांना खुर्ची दिली. बसले नाहीत. उभ्या उभ्या सांगून, डोळे पुसून परत आले.

एकच सल राहिला. त्या कॉलेजचा युनिफॉर्म कॉलेजचाच शिंपी शिवायचा, बाहेरचा चालत नसे. मास्तरांनी मनावर दगड ठेवला, पण त्या अनोळखी शिंप्याला त्यांनी मनोमन कधी माफ केलं नाही.

सहा महिन्यांनी बॉबिन पहिल्या सुट्टीला घरी आली. हॉस्टेलच्या जेवणाने ती काही वाळली नव्हती. बॅग ठेवायच्या आत मास्तर म्हणाले, “युनिफॉर्म दाखव बघू.” 

पांढरा, निळ्या कॉलरचा. मास्तरांनी तो खिडकीपाशी नेला. “हे टाके बघ. इंचाला सात. पोतं शिवतात तसं. खिशाला कप्पा नाही. हा माणूस कधी नर्स बघून आलाय की नाही?” असं म्हणत म्हणत ते आपल्या खोडीवर आले. मागची बाजू बघितली, धड होती. गुडघे अजून नवे. मग बोट डाव्या खांद्यावर गेलं आणि थांबलं. शिवण बोटभर उसवली होती आणि कापडाला चुण्या पडल्या होत्या. कोणीतरी मुठीत घट्ट धरल्यासारख्या.

“हे काय झालं?”

“एक आजोबा आहेत. तीन आठवडे पडून होते. पहिल्यांदा उभे राहिले ते मला धरून.” ती हसली. “सोडेचनात.”

मशीनवर बसून मास्तरांनी दोरा ओवला आणि खांद्याची शिवण दुहेरी घालायला घेतली. पुढच्या वेळीही कोणीतरी धरेल, तेव्हा टिकायला हवी. तिकडे बॉबिनच्या आईने बॅगेतली प्रात्यक्षिकाची वही उघडली होती. “अहो, ऐका. कॉलेजातल्या बाईंनी काय लिहिलंय.” आणि ती वाचायला लागली, शाळेत धडा वाचतात तशी सावकाश. “विद्यार्थिनीने प्रत्येक वेळी हात लावण्याआधी रुग्णाला सांगितले. वर्गात हे अजून शिकवलेले नाही. कुठे शिकलीस?”

मशीन थांबलं.

“मग तू काय सांगितलंस?” मास्तरांनी मान वर न करता विचारलं.

“खरं तेच सांगितलं. म्हटलं, माझे बाबा शिंपी आहेत. बाई म्हणाल्या, उद्या ये आणि वर्गाला करून दाखव.” बॉबिन म्हणाली, “दाखवलं, बाबा. पस्तीस मुली होत्या.”

मास्तरांनी चाकाला हात लावला, पण पाय चालेना. शेवटी बॉबिनच्या आईने ती खांद्याची शिवण पुरी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवीन नर्स मापाला आली, पहिल्याच नोकरीतली, अवघडून उभी. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. “खांद्याला लावतोय हं,” ते म्हणाले, आणि समोर पस्तीस मुली ऐकत असल्यासारखं ते त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू आलं. मग तेच वाक्य ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.